जागा सोडण्याचा सौदा

अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानप्रवासाचे चेक-इन मोबाइलवर करताना, बॅगा किती आणि बसायला खिडकी हवी की कडेची जागा या नेहमीच्या प्रश्नांच्या मध्येच कधीकधी एक वेगळा प्रश्न समोर येतो: या विमानाला गर्दी आहे, तुम्ही नंतरच्या विमानाने जायला तयार असाल तर त्याचे किती डॉलर घ्याल? खाली २००, ३००, ४०० असे आकडे आयते दिलेले असतात आणि शेवटी आपला आकडा लिहिण्यासाठी एक रिकामी चौकट असते. बरेच जण हा प्रश्न नीट न वाचताच पुढे जातात. मी मात्र तिथे थांबते, कारण जागा कमी पडणार अशी शंका कंपनीलाच आल्याची ती पहिली खूण असते. गेल्या काही वर्षांत मी अनेकदा स्वखुशीने जागा सोडण्याची तयारी दाखवली आहे. बहुतेक वेळा माझी गरज पडली नाही आणि मी ठरलेल्या विमानानेच घरी पोहोचले. मात्र एका वर्षी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या सुट्टीच्या, रविवारी शिकागोहून बॉस्टनला परतताना हा सौदा सगळ्या पायऱ्यांसह पार पडला, आणि त्यात काय पाहायचे, काय विचारायचे, हे मला त्या संध्याकाळी जितके स्वच्छ कळले तितके एरवी कधी कळले नव्हते.

जागेपेक्षा जास्त तिकिटे विकणे अमेरिकेत बेकायदा नाही. तिकीट काढलेले काही प्रवासी येतच नाहीत, काहींचे आधीचे विमान उशिरा पोहोचल्यामुळे पुढचे हुकते, आणि विमान एकदा उडाले की रिकाम्या गेलेल्या खुर्चीचे पैसे वसूल करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून कंपन्या मागच्या आकडेवारीवरून अंदाज बांधून थोडी जादा विक्री करतात. काही कंपन्या तसे करत नाहीत. जेटब्लूचे ते जाहीर धोरणच आहे, आणि साउथवेस्टने २०१७ साली ही पद्धत बंद करत असल्याचे सांगितले. पण जागा कमी पडायला दरवेळी जादा विक्रीच कारणीभूत असते असे नाही. मोठ्या विमानाच्या जागी लहान विमान लावले जाते, हवामानामुळे वजन कमी करावे लागते, किंवा दुसऱ्या शहरातून उड्डाण करायच्या कर्मचाऱ्यांना ऐन वेळी याच विमानातून न्यावे लागते. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार तर असा असतो की तिकीट काढलेला प्रत्येक माणूस गेटवर हजर होतो, कारण सोमवारी सगळ्यांनाच कामावर जायचे असते.

आम्हालाही जायचे होतेच. चार दिवस मावसबहिणीकडे राहून मी आणि माझा नवरा ओहेअर विमानतळावर पोहोचलो, तेव्हा विमान सुटायला चांगले दोन तास अवकाश होता. आदल्या दिवशी मोबाइलवर तो प्रश्न आल्यामुळे मी थोडी तयारी करून ठेवली होती. आमच्या विमानानंतर त्याच कंपनीचे रात्री उशिराचे एक विमान होते, पण त्यात जागा दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या विमानात मात्र बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, आणि ते बॉस्टनच्या घड्याळाप्रमाणे साडेनऊच्या सुमारास पोहोचणार होते. शिकागोहून पूर्वेला जाताना घड्याळ एक तास पुढे जाते, हे या हिशोबात धरावेच लागते. नवऱ्याची सोमवारची पहिली बैठक अकराला होती आणि ती घरूनच करायची होती.

‘‘जमेल, पण पाचशेच्या खाली मी इथे रात्र काढणार नाही,’’ तो म्हणाला.

‘‘अरे, पाचशेला कोण निघालंय? गर्दी तर बघ,’’ मी म्हटले.

गेटवरच्या बाई नुकत्याच येऊन संगणक सुरू करत होत्या. घोषणा व्हायच्या आधी जाऊन भेटणे, हा या व्यवहारातला सर्वांत उपयोगी भाग आहे असे माझे मत आहे. एकदा घोषणा झाली की काउंटरपुढे रांग लागते, आणि यादीतले नाव सहसा ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने पुकारले जाते. मी त्यांना इतकेच सांगितले की स्वयंसेवक लागणार असतील तर आम्ही दोघे तयार आहोत, आमचे वेळापत्रक सैल आहे, आणि पहाटेच्या विमानात जागा आहेत हे मी पाहिले आहे. त्यांनी बॅगेला चिकटवायच्या एका कोऱ्या पट्टीच्या मागे पेनाने आमची आडनावे आणि पुढे ‘२’ असा आकडा लिहिला, पट्टी कीबोर्डखाली सरकवली आणि चार जागा कमी पडतील असे हळू आवाजात सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या एवढ्या मोठ्या संगणकव्यवस्थेत आमचा नंबर शेवटी त्या कागदाच्या पट्टीवर होता, याची मला गंमत वाटली.

पहिली घोषणा ४०० डॉलरची झाली आणि कोणी जागचे हलले नाही. दहा मिनिटांनी ६०० झाले. तेव्हा बॉस्टनला शिकणारा एक मुलगा उठून काउंटरपर्यंत गेला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच पोहोचता येईल असे ऐकून परत येऊन बसला, आणि सोमवारी सकाळीच परीक्षा असल्याचे शेजाऱ्याला हळहळत सांगू लागला. शेजारी म्हणाले की १,५०० झाले तर मला उठवा. ७०० वर एक गृहस्थ गेले. ९०० ची घोषणा झाल्यावर एक तरुण मुलगी गेली आणि चारचा आकडा भरला. आमचे नाव सर्वांत आधी असले तरी आम्हाला कमी मिळणार नव्हते. त्या कंपनीत शेवटी ठरलेला भाव सगळ्यांना सारखाच मिळतो, हे मी नाव लिहून देतानाच विचारून घेतले होते. हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, कारण सर्व ठिकाणी तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

मोबाइलवरची बोली मला म्हणूनच कमी आवडते. आमच्या सांगलीकडच्या लिलाव भिशीत जो जास्त रक्कम सोडायला तयार होतो त्याला भिशी आधी मिळते, पण तिथे निदान सगळे एका खोलीत एकमेकांचे चेहरे बघत बोली लावतात. मोबाइलवर आपण एकटेच असतो. दुसऱ्याने काय लिहिले ते दिसत नाही, किती जागा कमी आहेत ते कळत नाही, आणि आयते दिलेले २०० आणि ३०० हे आकडे आपल्याला नकळत खाली ओढतात. मी त्या चौकटीत ज्याच्याखाली मला रात्र घालवायची नाही असा आकडा लिहिते आणि खरी बोलणी गेटवर करते. विशेष म्हणजे, पैसे देऊन प्रवाशाला स्वखुशीने थांबवण्याच्या कल्पनेचा जनक मानले जाणारे अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ साली सुचवलेली मूळ पद्धत बंद पाकिटातल्या बोलीचीच होती: प्रत्येक प्रवाशाने आपला किमान आकडा कागदावर लिहून द्यायचा आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला थांबवायचे. विमान कंपन्यांनी तेव्हा ती उडवून लावली होती. त्या काळात कोणाला मागे ठेवायचे हे कंपनी स्वतःच ठरवत असे. १९७२ साली ग्राहक चळवळीतले प्रसिद्ध वकील राल्फ नेडर यांना हार्टफर्डला जाणाऱ्या विमानात असेच नाकारले गेले, ते अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सविरुद्ध न्यायालयात गेले, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दावा पुढे चालवण्याची मुभा दिली. आधी स्वयंसेवक विचारा आणि मगच कोणाला सक्तीने थांबवा, हा नियम १९७८ मध्ये आला. तेव्हा विमान कंपन्यांचे नियमन करणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचे अध्यक्षपद आल्फ्रेड कान या अर्थतज्ज्ञांकडे होते.

भाव ठरला म्हणून बोर्डिंग पास लगेच हवाली करायचा नसतो. एकदा आपण विमान सोडले की गेटवरच्या माणसाची गरज संपते आणि आपली सुरू होते, त्यामुळे जे काही विचारायचे ते त्याआधी विचारावे. मी पहिला प्रश्न पहाटेच्या विमानातल्या जागेचा केला. ती पक्की आहे की स्टँडबाय, म्हणजे कोणाची जागा रिकामी राहिली तरच मिळणारी? बाईंनी ती पक्की करून खुर्च्यांचे क्रमांकही दिले. स्टँडबायवर जागा सोडणे म्हणजे ज्या गर्दीतून बाहेर पडलो त्याच गर्दीच्या शेपटाला जाऊन उभे राहणे आहे, आणि गर्दीच्या दिवसांत ते शेपूट दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. त्यांनी आधी त्याच रात्री ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला पोहोचवण्याचा पर्याय दिला होता, आणि तो एरवी वाईट नव्हता, कारण तिथून बॉस्टन जवळ आहे. पण आमची गाडी बॉस्टनच्या लोगन विमानतळाच्या वाहनतळावर उभी होती, म्हणून आम्ही नाही म्हटले.

दुसरा प्रश्न पैसे कोणत्या रूपात मिळणार याचा. काही कंपन्या दुकानात चालणारी प्रीपेड कार्डे देतात, काही फक्त आपल्याच तिकिटांसाठी चालणारी व्हाउचर देतात, आणि आमच्या बाबतीत व्हाउचरच मिळणार होते. मग त्याची मुदत किती? एक वर्ष. पण एका वर्षात तिकीट काढायचे की प्रवासही संपवायचा, हा फरक फार मोठा आहे. आमच्या व्हाउचरवर वर्षाच्या आत तिकीट काढले म्हणजे पुरे होते. ते दुसऱ्याच्या तिकिटाला चालते का, एका तिकिटाला दोन व्हाउचर लावता येतात का, रक्कम उरली तर ती शिल्लक राहते का, भागीदार कंपनीच्या विमानाला चालते का, हेही मी विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले आणि ते महत्त्वाचे होते, कारण भारतात जाताना आम्ही बहुधा अशाच भागीदार विमानांनी जातो. व्हाउचरवरच्या महत्त्वाच्या अटी स्वयंसेवकाने होकार देण्याआधी सांगणे अमेरिकन परिवहन खात्याच्या नियमांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे, तेव्हा असे प्रश्न विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. बाईंनीही कपाळाला आठी न घालता एकेक उत्तर दिले. या सगळ्याचा हिशोब करून मी ९०० च्या व्हाउचरची किंमत मनात ६०० धरली. रोख आणि व्हाउचर यांना एकाच मापाने मोजणारे लोक पुढे हमखास नाराज होतात.

हॉटेल आणि जेवण हा तिसरा विषय होता. रात्रभर थांबायचे असेल तर बहुतेक कंपन्या ते देतात, पण स्वखुशीने थांबणाऱ्याला काय मिळेल हे शेवटी बोलण्यावर ठरते आणि न मागितलेली गोष्ट कधीकधी राहूनही जाते.

चेक-इन केलेली आमची एक बॅग मात्र ठरलेल्या विमानानेच पुढे गेली. देशांतर्गत प्रवासात प्रवासी मागे राहिला तरी त्याची बॅग पुढे जाऊ शकते आणि उतरल्याच्या ठिकाणी कंपनीच्या बॅगेज ऑफिसात ठेवली जाते. आंतरराष्ट्रीय विमानात प्रवासी नसेल तर त्याची बॅगही उतरवतात. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोघांचे चार्जर आणि बदलायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत होते. जागा सोडण्याचा विचार असेल तेव्हा सामान असेच भरावे.

त्यानंतरचा अर्धा तास सर्वांत कंटाळवाणा असतो, कारण स्वयंसेवकाला खात्रीने काहीच सांगता येत नाही. विमानाचे दार बंद होईपर्यंत काउंटरजवळ थांबायचे, नाव पुकारले तर लगेच पुढे व्हायचे, आणि मनाची तयारी दोन्ही बाजूंनी ठेवायची. डी मॉइनहून येणारे विमान उशिरा उतरले आणि त्यातल्या एका प्रवाशाला गेट गाठता आले नाही. चारऐवजी तीनच जागा लागल्या. पट्टीवरची पहिली तीन नावे, म्हणजे आम्ही दोघे आणि ७०० वर उठलेले गृहस्थ, थांबली. त्या तरुण मुलीला अगदी शेवटी विमानात बसायला सांगितले. तिने मनातल्या मनात ते ९०० डॉलर खर्चही करून टाकले असावेत, असा तिचा चेहरा झाला होता.

तिथे उभे असताना नवऱ्याने याच विमानतळावर ९ एप्रिल २०१७ रोजी घडलेल्या प्रसंगाची आठवण काढली. लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्स्प्रेसच्या विमानात प्रवासी बसल्यानंतर चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. ८०० डॉलरपर्यंत भाव जाऊनही कोणी उठले नाही, म्हणून चार जणांची निवड झाली, आणि त्यातल्या डॉ. डेव्हिड डाओ यांनी उतरायला नकार दिल्यावर सुरक्षारक्षकांनी त्यांना खुर्चीतून ओढून, फरफटत बाहेर नेले. त्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. काही आठवड्यांतच युनायटेडने स्वयंसेवकांसाठीची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत वाढवली, डेल्टाने ती ९,९५० केली, आणि २०२१ पासून, एकदा विमानात बसू दिलेल्या प्रवाशाला जादा विक्रीच्या कारणाने उतरवण्यास नियमानेच मनाई झाली.

आम्हाला मिळालेल्या ९०० डॉलरांचे खरे कारण मला या प्रसंगात दिसते, कारण नुसता कायद्याचा आकडा पाहिला तर कंपनीला इतके देण्याची गरज नव्हती. देशांतर्गत प्रवासात एखाद्याला सक्तीने मागे ठेवले आणि तो दोन तासांपेक्षा जास्त उशिरा पोहोचणार असेल, तर त्याला एकेरी भाड्याच्या चारशे टक्के भरपाई द्यावी लागते. उशीर एक ते दोन तासांचा असेल तर दोनशे टक्के, आणि एका तासाच्या आत असेल तर काहीच नाही. जानेवारी २०२५ पासून या भरपाईची कमाल मर्यादा अनुक्रमे २,१५० आणि १,०७५ डॉलर आहे. आमचे एकेरी भाडे १६० डॉलर होते, म्हणजे सक्तीने थांबवले असते तर आम्हाला प्रत्येकी ६४० मिळाले असते. ते रोख मागता आले असते, ही त्यातली जमेची बाजू. पण स्वस्त तिकीटवाल्याला राजीखुशीने थांबण्यात जास्त मिळते, आणि एखाद्याला जबरदस्तीने बाहेर काढल्याचे चित्रण होण्यापेक्षा कंपनीलाही ते परवडते. शिवाय सक्तीने कोणाला थांबवायचे हे ठरवताना बऱ्याच कंपन्या कमी भाडे भरलेले आणि चेक-इन उशिरा केलेले प्रवासी आधी निवडतात. ज्याला काही झाले तरी वेळेवर पोहोचायचे आहे, त्याने चोवीस तास आधी चेक-इन उघडताच ते उरकून घ्यावे.

दार बंद झाल्यावर बाईंनी तिथल्या तिथे छपाई करून नवे बोर्डिंग पास, हॉटेलचा कागद आणि जेवणासाठी प्रत्येकी १५ डॉलरचे कूपन दिले. व्हाउचर ईमेलवर आले, आणि काउंटर सोडण्यापूर्वी ते उघडून रक्कम आणि नाव जुळवून पाहिले. कूपन वाया गेले. त्या वेळी आसपासची बहुतेक दुकाने बंद होत आली होती आणि जी उघडी होती त्यांच्यापुढच्या रांगेत उभे राहण्याची ताकद नव्हती. हॉटेल जवळच रोझमाँटला होते. तिथे नेणारी गाडी थंडीत बराच वेळ आली नाही, आणि खोलीवर पोहोचून मावसबहिणीने बांधून दिलेले मेथीचे पराठे खाऊन झोपेपर्यंत पहाटेचा गजर चार तासांवर आला होता. हा सगळा त्रास भाव ठरवताना मोजायला हवा. दिवसा तीन तासांनी दुसरे विमान असेल तर ४०० डॉलरलाही मी आनंदाने उठेन. अपुऱ्या झोपेची रात्र आणि पुढचा कामाचा दिवस यांचा दर वेगळा आहे.

भारतात मी असा गेटवरचा लिलाव अजून पाहिलेला नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही आधी स्वयंसेवक विचारण्याची तरतूद आहे. सक्तीने नाकारलेल्या प्रवाशाला तासाभरात सुटणारे दुसरे विमान मिळाले नाही, पण चोवीस तासांच्या आतले मिळाले, तर मूळ भाडे अधिक इंधन शुल्काच्या दोनशे टक्के, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळतात. त्याहून उशीर झाला तर चारशे टक्के, पण जास्तीत जास्त २०,००० रुपये. जून २०२२ मध्ये ही भरपाई देण्याबाबत हलगर्जी केल्यावरून महासंचालनालयाने एअर इंडियाला १० लाख रुपये दंडही केला होता. माझ्या मते तिथल्या मर्यादा इतक्या खाली आहेत की कंपनीला बोली वर नेण्याची निकड वाटत नाही, आणि प्रवाशांनाही आपण भाव सांगू शकतो हे फारसे ठाऊक नसते.

आमच्या दोन व्हाउचरांपैकी एकातून वसंतात सॅन फ्रान्सिस्कोची दोन तिकिटे निघाली आणि थोडी रक्कम उरली. दुसरे सासूबाईंच्या इकडच्या प्रवासासाठी वापरता आले नाही, कारण त्यांच्या तिकिटात भागीदार कंपनीचे विमान होते. ते मुदत संपायच्या आठवड्यात नवऱ्याने कामाच्या एका परिषदेच्या तिकिटात खपवले. सासूबाई नेवार्कवरून एकट्या परत जायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या चेक-इनमध्येही तोच प्रश्न आला आणि आकडा चांगला मोठा होता. पुढे मुंबईचे विमान, व्हीलचेअरची सोय आणि तिकडे घ्यायला येणारे दीर असे सगळे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे मी ‘नाही’ दाबून पुढे गेले.